ताईच्या पेशी

उठून घरी जावं का, या विचारात शिवणकाम करणारी बाई रक्त तपासणीच्या बाकावर बसली होती. शेजारी एक भाऊ-बहीण बोलत होते.

"ताई, माझा रक्तगट बदलला. आता तुझाच झाला."

"होणारच. माझ्या हाडातल्या पेशी तुझ्या हाडात रुजल्यात. तांबड्या प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या रोगाशी भांडतात."

"भांडणाऱ्यासुद्धा तुझ्याच?"

"लहानपणापासून तुझी भांडणं मीच तर भांडतेय!"

"परवा बोट कापलं, पण रक्त लगेच थांबलं."

"थांबवणाऱ्याही माझ्याच. कुठे कापलं? दाखव बघू."

"हाडातून पेशी काढताना खूप दुखलं का गं?"

"कंबर ठणकली थोडी. तू पुन्हा माझ्यावर ओरडायला लागलास, आणि विसरले."

खिडकीतून हाक आली, "भावासाठी पेशी जुळवून बघायला कोण आलंय?"

"मी," बाई बाही वर सारत उठली. "थोरली बहीण."