रांगेनं पाठ फिरवली

मंगरूळपीरच्या ऑनलाइन सेंटरात भाचीचा वसतिगृहाचा अर्ज भरायला आलेले शालिग्राम रांगेतून ऐकत होते. अर्जाची आज शेवटची तारीख, आणि अपडेट झाल्यापासून सेंटरवाल्या उज्ज्वलाताईंचा कॉम्प्युटर पासवर्डच घेईना. त्यांचा भाऊ वीरेंद्र फोनच्या स्पीकरवर होता.

“ताई, फॉरमॅट मार. कोरा होऊन जाईन.”

“कोरा? अन् लोकायचे अर्धे भरलेले अर्ज हायेत त्याच्यात, ते?”

“मंग पासवर्ड चुकून राह्यली तू.”

“रोजचाच टाकून राह्यली रे. पण नुसते ठिपके दिसतात. चुकलं का बरोबर, समजन कसं?”

“बाजूले डोळ्याचं चिन्ह हाय, ते दाबून धर. अक्षरं दिसतीन. पण रांगेले बी दिसतीन!”

“थांब. मंडळी, जरा तिकडं तोंड करा जी.”

एरवी नंबरासाठी हुज्जत घालणारी रांग मुकाट रस्त्याकडं वळली. शालिग्रामही वळले.

“वो माय! मराठी अक्षरं उमटून राह्यली. काल अर्ज मराठीत टाइप केले, कीबोर्ड तसाच राह्यला!”

“खाली कोपऱ्यात भाषा दिसते. इंग्रजी कर.”

“केली... उघडलं रे! सगळे अर्ज जागच्या जागी हायेत. वळा जी आता. मनकर्णाबाई, तुमाले तं वाचता येत नाही, डोये कायले मिटले?”

“सगळ्यायनं पाठ फिरवली. माया गुडघा काही वळू देत नाही माय, मंग डोये मिटले. उघडू का आता?”