भावासमोर वाचायचं नसतं

न्हाई न्हाई, उठू नका बायडाबाई, बसा हितंच — आपला नंबर अजून आला न्हाई, आतमधी रजिस्ट्रारसायबाकडं अंगठ्याचं मशीन बंद पडलंय म्हणं. तुमचे भाऊ गेलेत झेरॉक्सला, तवर बोलून घेऊ. मी कोण? — घ्या! तळेघरावनं एवढ्या लांब आणलं तुमाला, अन् मी कोण ते बी सांगितलं न्हाई भगवंतरावांनी? मी प्रयागबाई, माहेर आणे गावचं, हितं जुन्नरात डबे करून देते. तुमच्या वडलांचं घर मी घेतीय. हो, घर. बाजारपेठेमागच्या बोळातलं, दोन खोल्या अन् मोरी. म्हंजे तुमाला ठावंच न्हाई? मंग काय सांगून आणलंय? — म्हातारपणाच्या पगाराचा फॉर्म? सरकार म्हैन्याला पैशे देणार, म्हणून सही? आसं व्हय. आसं सांगितलं व्हय.

थांबा, नीट सांगते. ह्या घराचं दिवाळीपासून चाललंय. तुमचे भाऊ म्हणले, वकील आमचाच हाय, दोघांचं बी त्योच बघंल, तुमचा खर्च वाचंल. मी म्हणलं, भाऊ, उद्या वाकडं आलं तर त्यो कुणाकडनं बोलायचा? तर हसले. बाईमाणसाला कागदातलं काय कळतंय, आसलं हसणं — वळखते मी ते. मंग मी सिद्धीकडं गेले. दलीचंद शेठ कापडवाले हायेत ना, त्यांची नात. वकिलीची सनद मिळून तीनच वर्सं झालीत. सगळी आळी म्हणली, कापडवाल्याची पोरगी, ती साड्यांच्या घड्या घालंल, कागद काय बघंल! मी म्हणलं, वकील माझी, फी मी देणार, तुमच्या पोटात का दुखतंय? त्या पोरीनं जाऊन उतारा काढला, तीस वर्सांचा सर्च घेतला, कुणाची हरकत हाय का म्हणून पेपरात नोटीस दिली. तळेघरात पेपर कुठला येतोय म्हणा! — अन् उताऱ्यावर वडलांच्या मागं दोन नावं निघाली. भगवंत अन् बायडा. बोट ठेवून दाखवलं तिनं मला. म्हणली, काकू, ही बहीण आल्याबिगर ह्या घराला हात लावायचा न्हाई. भगवंतराव म्हणले, ती काय बोलायची न्हाई, साडी नेसवली का झालं. तरी पोरगी हटली न्हाई, म्हणून आज आणलंय तुमाला. आधी तुमचं हक्कसोड — म्हंजे माझा वाटा भावाला सोडला आसं लिहून द्यायचं — मंग आमचं खरेदीखत, दोन्ही आजच. ती पिशवी — साडीच हाय ना? दाखवा. चांगलीय की. काठ बी भारी हायेत.

मला बी आणली व्हती आसली, जांभळी. भाऊबीज झाली, अन् दुसऱ्या आठवड्यात थोरल्यानं ह्याच हाफिसात आणलं मला. ताई, हितं सही कर, म्हणला. तुमी म्हणाल, अडाणी आसंल बिचारी — अडाणी कसली! सातवी पास हाय मी. कागदावर लिहिलेलं सगळं दिसत व्हतं. पर भावासमोर कागद वाचायचा म्हंजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, न्हाई का? वहिनी काय म्हणंल, आई काय म्हणंल, माहेर तुटंल — म्हणून मी मुद्दाम मान तिकडं फिरवली. हसत हसत सही केली. लिहिणारा म्हणला, वाचून बघा ताई, तर मीच म्हणलं, आमच्यात तसलं न्हाई! केवढा मोठेपणा माझा. कुणी हात धरला नव्हता, बळजबरी न्हाई, काय न्हाई. मीच केलं. पुढं चार वर्सांनी मालक गेले, दिरांनी ठेवून घेतलं न्हाई, ट्रंक घेऊन आण्याला गेले. वहिनीनं चहा दिला, संगं बशीत बिस्किटं मांडून — पावण्याला देत्यात तसा. सही करून काय सोडलं, ते तवाच कळलं मला. तिसऱ्या दिवशी भाऊच म्हणला, ताई, यष्टी सकाळची गावंल. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी. सिद्धीला बी न्हाई. लाज वाटती. फसवलं म्हणून न्हाई वाटत — वाचता येत आसून वाचलं न्हाई, म्हणून वाटती.

आता तुमी म्हणाल, हिला काय पडलंय, सही झाली तर घर हिलाच मिळतंय. मिळतंय ना! लई पायजे मला ते. बावीस वर्सं भाड्यानं काढली, सात खोल्या बदलल्या, एकीचा मालक तर फोडणीचा वास येतो म्हणून नळ बंद करायचा. ह्या घरात ओटा कुठं घालायचा ते बी ठरवून ठेवलंय मी. अन् तुमी आत जाऊन न्हाई म्हणलात तर ते गेलं, दुसरं आसं मिळायचं न्हाई ह्या जन्मात. जाऊ द्या गेलं तर! रडंन चार दिवस. पर एका बाईला पगाराच्या नावाखाली अंगठा लावायला लावून मी त्या घरात सुखानं भाकरी थापायची? आपल्याच्यानं व्हायचं न्हाई ते. सही करूच नका आसं बी न्हाई म्हणत मी — तुमचा भाऊ हाय, द्यायचं तर खुशीनं द्या, समदं द्या. पर अर्धं घर देताय तुमी, एवढं तरी ठावं पायजे का नको?

आले बघा. या भगवंतराव. मशीन चालू झालं? होऊ द्या. कागद द्या हिकडं — मला न्हाई, ह्यांच्या हातात द्या. मी सगळं सांगितलंय. बहीण-भावात मधी पडू नको म्हणता? पडले. सौदा मोडंल? मोडा की, कोण अडवतंय! सिद्धीला बी मीच सांगते जाऊन. बायडाबाई, किती शिकलाय तुमी? — चौथी? मंग धरा. पहिल्या वळीवर बोट ठेवा अन् मोठ्यानं वाचा, आडलं तर मी हाय. त्यांच्या तोंडाकडं बघू नका, कागदाकडं बघा. — भगवंतराव, तुमी जरा बाहेर जाऊन थांबा.