मयतीची वही आणि मंगळवारचा प्रश्न

माझी माय सोमवारी सकाळी गेली. मंगळवारी सकाळी भोपाळले विधानसभेत आमच्या नाल्याचा प्रश्न पुकारला, तेव्हा आमचे विधायक साहेब सभागृहात नव्हते. ऐंशीनंतरची गोष्ट आहे, त्याले आता पाच पावसाळे झाले.

मी सुखदेव. गाव मोहगावच्या पुढं, नाल्यापल्याड. माह्या आज्याचं घर काटोलकडलं, संत्र्याच्या बागेत मजुरीले आले अन् इकडचेच झाले. आम्ही बौद्ध, वस्ती गावाच्या खालच्या अंगाले, नाल्याले लागून. बाप दुसऱ्याचा वखर हाकलत होता, माय निंदायले जात होती. माय म्हणे, सुख्या, शिक, कागद वाचता येते त्याले कोणी दारात उभं नाई ठेवत. शिकलो मॅट्रिकपर्यंत. घरी मराठी, वस्तीत मराठी अन् कचेरीत सारा कारभार हिंदीत, तर लोकायले अर्ज लिहिता नाई ये. मी सौसरच्या तहसीलीपुढं बसून लिहून देत होतो. तिथंच विधायक साहेबानं पाहिलं. म्हणाले, अक्षर चांगलं आहे तुझं, माझ्याकडे ये. गेलो. अकरा वर्षं होतो त्यायच्याकडे.

त्यायचा आठवडा सांगतो, म्हणजे तुमाले पुढचं समजन. अधिवेशन असलं की सोमवारी दुपारी पांढुर्ण्याहून गाडी, मंगळवार ते शुक्रवार सभागृह, शनिवारी परत. शनिवारी पांढुर्णा, संत्र्याच्या अडतीवर बैठक. रविवारी सौसर, घरच्या ओसरीवर. कोणाची बदली, कोणाचं राशनकार्ड, कोणाच्या विहिरीवर विजेचा खांब आला पण तार नाई. मी लिहून घ्यायचो. अन् एक वेगळी वही होती, मयतीची. कोण गेलं, कोणतं गाव, कोणतं घर, अन् पुढं ‘जाणे’ किंवा ‘झाले’, म्हणजे साहेबाचं त्या घरी जाणं बाकी आहे का झालं. साहेब गाडीतून उतरले की पहिले विचारत, वहीत काय आहे रे? साहेबानं कोणता कायदा केला हे लोक नाई विचारत. आमच्या इकडे लग्नाले नाई आला तर माणूस विसरते, मयतीले नाई आला तर नाई विसरत. साहेब भोपाळले काय बोलले हे कोणाले माहीत नव्हतं. मले होतं, कारण लिहून मीच देत होतो.

नाल्याचा प्रश्नही मीच लिहिला. आमच्या नाल्यावर रपटा पाहिजे होता, म्हणजे ठेंगणा सिमेंटचा पूल, वरून थोडं पाणी गेलं तरी पाय टिकते असा. तीन वर्षं प्रश्न पाठवला, तीन वर्षं नंबर लागला नाई. चौथ्या वर्षी लागला, मंगळवारी. आता यातलं असं आहे, की प्रश्न पुकारला तेव्हा विचारणारा हजर पाहिजे. हजर असला तर उठून उलट विचारता येते, कधी करता, कोणत्या महिन्यात करता, अन् मंत्र्याच्या तोंडून हो निघालं की ते आश्वासन म्हणून कागदावर चढते, मग त्याच्यामागं लागता येते. हजर नसला तर छापील उत्तर तेवढं मिळते. साहेबानं मले सांगतलं होतं, सुखदेव, यावेळी त्याच्या तोंडून महिना काढतो, पाहाच तू.

मायले शनिवारी जुलाब लागले. शनिवारीच नाल्याले पूर आला. रविवारभर आम्ही काठावर खाट घेऊन उभे होतो, मी अन् वस्तीतले चौघं. पल्याड सडकेवर बैलबंडी जुंपून उभी होती, दिसत होती. पाणी उतरलं नाई. संध्याकाळी खाट परत घरी आणली. सोमवारी सकाळी माय गेली अन् दुपारपर्यंत पाणी घोट्यावर आलं.

शामराव काका आमच्या वस्तीतले जाणते. ते मले बाजूले घेऊन म्हणाले, साहेबाले कळवलं का?

मी म्हटलं, काका, त्यायची आज गाडी आहे. उद्या आपलाच प्रश्न आहे.

काका म्हणाले, प्रश्न काय पळून जाते? त्या वरच्या आळीत म्हातारी गेली तेव्हा राख होईपर्यंत उभा होता हा माणूस. अन् तू अकरा वर्षं त्याचे कागद लिहून राहिला, तुह्या मायले नाई येणार? आपल्या वस्तीत आजवर कोणता विधायक मयतीले आला, सांग बरं.

मी म्हटलं, कोणी नाई.

मंग, म्हणाले.

मी मोहगावले गेलो, पोस्टातून पांढुर्ण्याच्या अडतीवर फोन लावला. साहेब गाडीच्या वेळेची वाट पाहत तिथंच बसले होते. मी म्हटलं, साहेब, माय गेली. साहेब म्हणाले, मी येऊ का?

काय सांगू तुमाले. उद्याचा प्रश्न मले पाठ होता, क्रमांकासकट. नका येऊ, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाई. मी काहीच म्हणालो नाई, अन् ते म्हणाले, थांबा, आलोच.

आले. जीप सडकेवर ठेवली, पॅन्ट गुडघ्यावर चढवली, चप्पल हातात घेतली अन् नाला पार करून आले. खांदा दिला. आमच्या लोकायनं त्रिशरण म्हटलं तेव्हा हात जोडून उभे राहिले, त्यायले म्हणता येत नव्हतं. वस्तीतल्या बाया दारात येऊन पाहून राहिल्या होत्या. माह्या बायकोनं, शांतानं, पाणी दिलं, ते त्यायनं प्यायलं, अन् तेही लोकायनं पाहिलं. काका चार जणायले म्हणाले, आला का नाई आपला माणूस? मीही पाहून राहिलो होतो. रडू नाई आलं. त्या दिवशी नाई अन् नंतरही नाई.

दुसऱ्या गाडीनं साहेब मंगळवारी दुपारी भोपाळले पोचले. प्रश्नकाळ सकाळीच झाला होता. नाव पुकारलं, कोणी उठलं नाई, पुढचा प्रश्न घेतला. छापील उत्तर शनिवारी मले आणून दिलं. त्यात लिहिलं होतं, वर्तमान में कोई प्रस्ताव विचाराधीन नहीं है। साहेब म्हणाले, पुढच्या अधिवेशनात टाकू. मी मयतीची वही उघडली, मायच्या नावापुढं झाले लिहिलं.

पुढच्या निवडणुकीत त्यायले तिकीट भेटलं नाई. नवे विधायक आले, तरुण आहेत. मले ठेवून घेतलं, वहीसकट. मी दर अधिवेशनाले नाल्याचा प्रश्न लिहून देतो. यंदा नंबर लागला, बुधवारी.

शामराव काका महिनाभर आजारी होते. मी त्यायले सांगतलं, काका, बुधवारी आपला प्रश्न आहे. काका पडल्या पडल्या म्हणाले, मी त्याच्या आधी गेलो तर त्या पोट्ट्या विधायकाले बोलावू नको. राहू दे तिकडेच.

मी म्हटलं, काका, काहीही बोलता राजेहो.

म्हणाले, तुह्या मायच्या वेळी मी बोललो, तू ऐकलं. आताही ऐक.

काका मंगळवारी गेले, विधायक भोपाळले होते. लोक विचारत होते, विधायक कधी येतात, किती वेळ थांबायचं? मी म्हटलं, येत नाईत. एक जण तोंडावर बोलला, मयत वरच्या आळीतली असती तर आला असता. मी मोहगावले गेलो नाई, फोन केला नाई. चार वाजता आम्ही काकाले नेलं.

बुधवारी विधायक सभागृहात होते. प्रश्न पुकारला, ते उठले. महिना विचारला. मंत्री म्हणाले, सर्वेक्षण कराया जाएगा. महिना सांगतला नाई. ते आश्वासनात चढलं आहे, त्याचा कागद माह्यापाशी आहे.

शनिवारी विधायक आले. जीपमधून उतरतानाच म्हणाले, वहीत काय आहे? मी काकाचं नाव वाचलं. ते म्हणाले, मंगळवारीच का नाई सांगतलं? लोक काय म्हणतील मले? मी म्हटलं, हो जी.

रविवारी ते काकाच्या घरी जायले निघाले. नाल्याले कमरेएवढं पाणी होतं. सडकेवर अर्धा तास थांबले अन् सौसरले परतले. काकाच्या नावापुढं वहीत अजून जाणे लिहिलेलं आहे. सर्वेक्षणाले आजपर्यंत कोणी आलं नाई.