येऊ नका म्हणणारा दामूदादा

जमलेल्या माझ्या घिवलीकरांनो, वाणगावहून, एडवणहून आलेल्या पाहुण्यांनो, आणि सुनंदावहिनी,

मला बोलायला उभं केलंय, पण काय बोलू ते सुचत नाही. मी अंगणवाडीतली बाई. पोरांना गप्प बसवायची सवय, मोठ्यांसमोर बोलायची नाही. त्यात परवापासून डोकंच चालत नाही. शेजारच्या अंगणात कुणी खोकलं तरी दामूदादाच वाटतो. सभा असली तरी मी त्याला 'तो'च म्हणणार. आयुष्यभर तसंच म्हणत आले.

परवा दुपारी तो अंगणात जाळं शिवत बसला होता. मला म्हणाला, उद्या बोंबील येतील, घेऊन जा. वहिनी चहा घेऊन बाहेर आली तर याची मान खाली. आम्हाला वाटलं, डुलकी लागली. मी तर हसून म्हटलं, झोपू दे त्याला. बोईसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. असं कसं होतं हो? धडधाकट माणूस. चहा अजून गरम होता. मला खरं वाटत नाही. तुम्हाला वाटतंय का?

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. दामूदादा कितीतरी वर्षं मोठ्या जहाजांवर स्वयंपाकी होता. परत येऊन त्याने छोटी बोट घेतली, पण जहाजावरचे जोडीदार देशोदेशी पसरलेले. कोरोना आला तेव्हा आपण टीव्ही बघत होतो आणि दामूदादा फोन लावत होता. कोरियावाले रोगी कसे शोधून काढतात, व्हिएतनामने गावं कशी बंद केली, स्वीडनवाले एवढे निवांत कसे, सगळी खबर त्याच्याकडे. संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून ओट्यावर उभा राहायचा आणि सांगायचा. आपण काय केलं? त्याला 'जगाचा सरपंच' नाव ठेवलं. मीही ठेवलं. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर हजर.

आठवा जरा. आपण बोईसरचा रस्ता बांबू आडवे टाकून बंद केला होता. पहारा बसवला. सख्ख्या जावयांना परत पाठवलं. आणि किनाऱ्यावर? किनाऱ्यावर लिलाव जोरात. चार गावच्या बोटी, आणि टोपल्यांभोवती आम्ही बायका डोक्याला डोकं लावून. दामूदादा तिथे आला आणि म्हणाला, "न्यूझीलंडवाल्यांनी आदी बंदर बंद केलं. आपलं बंदर कुटं हाय? तुमी पुढचं दार लावलं नि मागचं सताड उघडं ठेवलं."

दिवसभर त्याला शिव्या पडल्या. मग पांडूकाका मध्ये पडले. पांडूकाका, आपल्या गावचे सगळ्यात जुने तांडेल. त्यांचा शब्द बोटीवाले मोडत नाहीत. त्यांनी एकेक बोट लावायला लावली आणि घेणाऱ्यांना दोरीमागे उभं केलं. तेव्हा काकांचा आणि दामूदादाचा चांगला जम होता.

आणि मग हिराआजी गेली. दामूदादाची आई. तिला ताप होता. कसला, ते कुणालाच कळलं नाही.

हिराआजी कोण होती, ते तुम्हाला मी सांगायला नको. गावातल्या निम्म्या लग्नांत हळदीची गाणी तिनेच म्हटली. माझ्याही. आपल्याकडे कुणी गेलं की त्या दिवशी बोट समुद्रात जात नाही आणि घरटी एक माणूस खांद्याला येतो. बोटी थांबल्या होत्या. माणसं घरातून निघाली होती. आणि दामूदादा ओट्यावर उभा राहिला, हात जोडले, म्हणाला, "कुनी येव नका. चौघंच नेव मायला. तुमी आपापल्या घरात रडा."

निघालेले आपण वाटेतच थांबलो. पांडूकाका कुंपणापाशी आले आणि विचारलं, मायचं मयत हाय का चोराचं? दामूदादाचे जोडलेले हात तेवढे खाली आले नाहीत.

त्याच आठवड्यात इटलीतून त्याच्या पिएत्रोचा फोन आला होता. जहाजावर दोघं एकाच चुलीवर राबलेले. पिएत्रोचा बाप गेला आणि मुलांनासुद्धा जवळ जाऊ दिलं नाही. पिएत्रो म्हणाला होता, आमच्याकडे लोक एका मयताला जमले आणि आजार घेऊन घरोघर गेले. आपण त्या दिवशी जमलो असतो तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. दामूदादालाही ते ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्याला ते जास्त जड गेलं.

काका म्हणाले, जगाचं ऐकतो, गावचं ऐकत नाय. आणि त्यांनी बोलणं टाकलं. आजार गेला, मास्क गेले, काकांचा अबोला राहिला. लग्नाच्या पंगतीत एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मी एकदा दामूदादाला म्हटलं, जाऊन पाय धर की त्यांचे. तो म्हणाला, "बाय, मी सगल्या देशांना इचारलं. आजार कसा अडवायचा ते सगले सांगतात. न जमता रडायचं कसं, ते कुनालाच ठाव नाय." एवढं बोलून तो पुन्हा जाळ्याला लागला.

परवा गल्ली भरली तेव्हा पहिले कोण आले? पांडूकाका. काठी टेकत आले आणि तिरडीचा बांबू धरून बसले. सोडायलाच तयार नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही.

तेवढ्यात वहिनीच्या फोनवर बातमी कळलेला पिएत्रो. चेहरा दिसत होता. त्याने काय विचारलं, ते दामूदादाच्या मुलाने आम्हाला सांगितलं. कसा गेला, हे त्याने विचारलं नाही. काय झालं, तेही नाही. पहिला प्रश्न एकच. माणसं आली का?

 वहिनीने फोन फिरवला आणि गल्ली दाखवली. अंगणापासून पार खाली किनाऱ्यापर्यंत माणसं. पिएत्रो बघत राहिला. परवा दुपारपासून दगड झालेली मी तिथे पहिल्यांदा रडले. आणि पांडूकाकांनी हात पुढे करून फोन मागितला. त्यांना इंग्रजी कुठे येते? आपल्याच बोलीत त्याला सांगितलं, "सगली आलीत रे बाबा. घरात कोन नाय ऱ्हायलं."

मी आता थांबते. शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं आहे. ती दामूदादासाठी आहेतच. पण हिराआजीला आपण घराघरांत एकेकटे रडलो. तिच्यासाठी हे गाव एकत्र कधी उभंच राहिलं नाही. आज तिच्यासाठीही उभं राहू. पांडूकाका, तुम्ही पुढे या, वहिनीजवळ उभे राहा. मागच्यांनीही पुढे सरका. आज कुणी लांब उभं राहू नका.