पुढची सीट

जुनी गाडी विकायला जाणार असाल ना, तर आईला बरोबर नेऊ नका. एवढं माझं ऐका.

वडील वारल्यावर त्यांची गाडी विकायला काढली. काष्टीहून आईला घेऊन केडगावच्या एका डीलरकडं गेलो. त्यानं बोनेट उघडलं, टायर बघितले, बोटांनी दारं वाजवली. मग म्हणाला, "तीन लाख देतो. फक्त एक खरं सांगा, गाडीत कोण गेलंय का? आमचं गिऱ्हाईक पहिलं तेच इचारतं."

मी लगेच म्हणालो, "न्हाई ओ."

आई शेजारीच उभी होती. काहीच बोलली नाही. मला वाटलं, जमलं.

"चला, एक चक्कर मारून बघू," म्हणत तो स्टिअरिंगवर बसला. "काकू, तुमी पुढं बसा. पाय मोकळं ऱ्हातील."

आईनं मागचं दार उघडलं. "नगं बाबा. दवाखान्यात नेताना हे त्याच सीटवर गेले. तवापासून मी मागंच बसते."

डीलर खाली उतरला. चावी माझ्या हातात ठेवली आणि तोंडाकडं न बघता म्हणाला, "दोन."

मी गाडी माघारी वळवली. रस्त्यात मात्र आईवर लई भडकलो. "एक लाख घालवलेस. जरा गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

आई मागूनच म्हणाली, "तू खोटं बोललास तवा गपच हुते की. पन त्यांच्या अंगावर कशी बसू?"