डोईफोडियाचा दगड

सकाळी सव्वानऊ झाले तरी बऱ्हाणपूरच्या स्टँडवर डोईफोडियाची बस लागली नव्हती. शाळेला निघालेल्या प्रतिभाबाईंच्या शेजारी बाकावर इच्छापूरच्या बसची वाट पाहणाऱ्या धुरपदाबाई होत्या, आणि पलीकडे मांडीवर पेटी घेतलेला योगेंद्र.

"पेटीत काय हाये, भाऊ?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"यंत्र आहे, मावशी. जमीन आपल्याला किती जोरानं खाली ओढते, ते मोजतं. पूर्ण देशात मोजतो."

"मंग छत्री कोन धरते?"

"छत्री?"

"यंत्राले ऊन लागू नये म्हनून. डोईफोडियात आमच्या ओट्यावरल्या दगडावर मोजलं तव्हा आमच्या मालकानं धरली व्हती. सायब म्हने, कडूभाऊ, हालू नका. तं हे श्वास रोखून उभे. जलमभर चिडवलं मी त्यायले."

"पितळी खूण ठोकलेला दगड? डोईफोडियात? मावशी, तिथंच चाललोय. त्याच जागेवर यंत्र ठेवलं, तरच जुन्या मापाशी फरक कळेल."

"तिथी कायले जाता? दगड माझ्यापाशी हाये, इथंच बऱ्हानपुरात, इतवाऱ्यातल्या घरी. घर पाडलं तव्हा बैलगाडीत घालून आनला. सायब सांगून गेले व्हते, याले सांभाळा. मालक गेले, मंग मी सांभाळला. रोज पुसते."

"ओटा नेमका कुठं होता, मावशी?"

"चिंचेखाली. आता चिंच बी नाही, सारी केळी लावली. चला ना घरी, च्या घ्या अन् मोजा. छत्री बी हाये त्यायची."

डोईफोडियाची बस लागली. प्रतिभाबाई चढल्या, कंडक्टरनं दोनदा हाक दिली. बस सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून पाहिलं. धुरपदाबाई रिक्षा थांबवत होत्या आणि योगेंद्र पेटी धरून अजून बाकावरच बसला होता.