टेपचं दुसरं टोक

नाही ताई, टेप मी धरणार नाही. टोकावर दगड ठेवा. — काही नाही हो इथे, नुसतं गवत आहे. रोज कापते मी, मला ठाऊक नसणार? गोठेवाल्याला दोन भारे द्यायचे, संपलं. पलीकडे बसडेपो, अलीकडे धोब्याच्या दोऱ्या, मधे हा एवढासा काठ — काय सापडणार तुम्हाला? हरळी. लव्हाळा. पाण्यालगत पाणकणीस. आणि ते पिवळ्या फुलांचं — त्याला नाव नाही. असलं तरी मला माहीत नाही.

नदीसाठीच आलात, हो ना? मागचा पण नदीसाठीच आला होता. गोड बोलायचा. मावशी हे काय, मावशी ते काय — आणि मी शहाणी, सगळं दाखवत सुटले. ओल कुठे टिकते, बेडूक कुठे अंडी घालतात, सगळं. वर टेपचं दुसरं टोकही मीच धरलं, हसत हसत. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सहा महिन्यांत वरचा अर्धा काठ सिमेंटचा झाला. तो माझ्या थोरल्या जाऊबाईंचा — म्हणजे कागदावर कोणाचाच नाही, पण वीस वर्षं तिथलं गवत त्याच कापायच्या. आता लोकांची भांडी घासतात. माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं, मीही बोलले नसते.

तेव्हापासून कानाला खडा. — कोणता? तो गवताचा गोल? तो राहिलाय कापायचा. विळ्याला धार नव्हती. बाकी सगळं कापलं आणि तेवढंच राहिलं, होतं असं कधी कधी. तुम्ही फार बघता बुवा. — हो, नोंद झाली की जागा वाचते. तोही हेच म्हणाला होता, ह्याच दगडावर बसून.

झालं ना तुमचं? मग निघा. — अहो, त्या लव्हाळ्यातून नको. वळसा घालून जा. चिखल आहे तिथे. म्हणजे चिखल नाही, पण — थांबा म्हणते ना. पाय तिथेच ठेवा. आता मागे घ्या. हळू.

दिसलं ना. पाणकोंबडी आहे. तुम्ही गेलात की येईल परत. काल पाच अंडी होती, आज सहा आहेत. आधी जाऊबाईंच्या काठावर राहायची ही. त्यांना सांगायचं होतं मला.

वही बंद करा.